सोसमान

सकाळी सातच्या आत देशभरातल्या लाखो मनगटांवर एकच प्रश्न यायचा. पट्टा आधी हलकेच थरथरायचा, मग शांत आवाजात विचारायचा, "आज कसं आहे?" उत्तर मिळेपर्यंत तो पुन्हा पुन्हा विचारत राही. लोक दात घासताना, चहा गाळताना, एस.टी.च्या थांब्यावर उभ्या उभ्या उत्तर देत. कुणी म्हणे "ठीक", कुणी म्हणे "आज बोटं आखडलीत". पट्टा "नोंद झाली" म्हणे आणि दिवस सुरू होई.

ज्यांच्या दंडात बीज पेरलेलं होतं त्यांनाच हा प्रश्न विचारला जाई. बीज म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढा जिवंत पेशींचा पुंजका. डॉक्टर ज्याला ऱ्हुमॅटॉइड संधिवात म्हणतात आणि गावात ज्याला आमवात म्हणतात, त्या रोगावरचा तो उपाय होता. आमवातात शरीराचे राखणदारच घरच्यांवर उठतात. जंतूंशी लढण्यासाठी असलेल्या पेशी सांध्याच्या अस्तरात शिरून बसतात आणि हाडांच्या टोकांवरची मऊ कूर्चा कुरतडत राहतात. बोटं वाकतात, मुठी मिटतात आणि पुन्हा उघडत नाहीत. बीजातून पाझरणारा रस त्या झिजलेल्या कूर्चेला पुन्हा वाढायला सांगे. पेशींना "वाढा" असा निरोप देणाऱ्या अशा रेणूंना शास्त्रज्ञ वृद्धिघटक म्हणतात. लोकांनी त्याला वाढरस असं सुटसुटीत नाव दिलं होतं.

वाढरसाचा दोष पहिल्यापासून माहीत होता. निरोप कूर्चेसाठी असला, तरी सांध्यात तो ऐकायला राखणदारही हजर असत. तेही वाढत, तेही जोमात येत. सांधा एका अंगानं भरून निघे आणि दुसऱ्या अंगानं पेटे. या पेटण्याला दाह म्हणतात. पट्टा घामातून त्याचं मोजमाप घेई आणि जो आकडा येई तो दाहांक. पण आग किती आहे एवढंच आकडा सांगतो, ती किती सोसते हे माणसालाच विचारावं लागतं. म्हणून रोज सकाळचा प्रश्न. किती दाहांक माणसाला सोसतो, याची एक रेषा सगळ्या पट्ट्यांमागच्या एका यंत्रानं सगळ्यांच्या उत्तरांवरून आखली होती. तिचं नाव सोसमान. दाहांक त्या रेषेखाली असला की बीज वाढरस वाढवी. रेषेच्या वर गेला की कमी करी.

तासगावच्या पुढे, माळावरच्या एका गावात, राजश्री खराडे चुलीपुढे बसल्या होत्या. वय पंचावन्नच्या पुढे. गॅस होता, पण डिसेंबरच्या थंडीत बोटं शेकायला त्यांना चूलच लागे. पट्टा थरथरला.

"बरं हाय," पुढचं ऐकायच्या आतच त्या म्हणाल्या.

"नोंद झाली."

आतल्या खोलीत त्यांची मुलगी शर्वरी उठून बसली होती. ती गावच्या शाळेत शिकवायची. आईचा रोग तिच्यात उतरला होता आणि पावसाळ्याच्या शेवटी तिच्याही दंडात बीज पेरलं होतं.

"आज कसं आहे?"

"दुखतंय. कालच्यापेक्षा जास्त. बोटांची टोकं बधिर झालीत."

"आपला दाहांक सोसमानाच्या आत आहे," पट्टा मायेनं म्हणाला. "काळजीचं कारण नाही. काही जणांना सुरुवातीला भीती वाटते. हळूहळू सवय होईल."

"भीती नाही, दुखतंय!" शर्वरी मनगटावर ओरडली. "आई, ऐकलंस ना? रोज हेच."

"ऐकलं की. यंतर म्हणतंय काय न्हाई, तर काय न्हाई." राजश्रीबाई भाकरी थापता थापता बोलल्या. "आमी न्हाई का सोसलं? सहा वर्सं झाली. एक दिस खाडा न्हाई केला."

"तू सोसलंस म्हणून मी सोसायचं होय?"

"तोंड लई चालतंय. तेवढी बोटं चालव, म्हंजे मोकळी हुतील."

 शर्वरीनं चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरून उचलला, लहान मूल धरतं तसा.

राजश्रीबाई निर्दय नव्हत्या. बीजाच्या आधीची दोन वर्षं त्यांना आठवत होती. तेव्हा कॉलेजातली शर्वरी त्यांना न्हाऊ घाले, घास भरवी, आणि भरवताना दुसरीकडे बघे. बीजानं ते सगळं थांबवलं. बोटं उघडली. त्या पुन्हा बागेत जाऊ लागल्या. मुलीनं थोडा दम धरला तर तिचंही तसंच होईल, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

बागेत घड बुडवण्याचे दिवस होते. द्राक्षाचा मणी लांबावा म्हणून प्रत्येक घड जीएच्या पाण्यात बुडवतात. जीए हे झाडाचं वाढीचं औषध. हातात औषधाचा मग घेऊन मजूर बायकांची टोळी ओळीत शिरते आणि एकेक घड मगात बुडवून, हलवून सोडते. बीजाची पहिली, छोटीशी तुकडी जवळजवळ सगळी याच टोळीत होती. सहा वर्षांपूर्वी या पंचक्रोशीत आमवाताच्या पुष्कळ बायका सापडल्या, म्हणून पहिला प्रयोग इथंच झाला होता. कुणाचं मनगट तापलेलं असे, कुणाच्या डोळ्यांत लाली. राजश्रीबाईंच्या नडग्यांवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके उठले होते. त्या साडी जरा खाली नेसत. एकमेकींचं सगळ्यांना ठाऊक होतं, पण बोलत कुणीच नसे.

त्याला एक कारण भीतीचं होतं. सुरुवातीला एकदोघी "दुखतंय" म्हणाल्या, तेव्हा त्यांचं बीज काही दिवस थंड झालं, बोटं मिटली आणि टोळीतली जागा गेली. दुसरं कारण त्याहून जुनं होतं. सकाळच्या पारी तोंडातून वाईट काढायचं नाही. घराची वास्तू दिवसभर "तथास्तु" म्हणत असते. आपलं बोलणं आणि तिचं म्हणणं एका क्षणी जुळलं, तर बोललेलं खरं होतं. मनगटावर बसून प्रत्येक शब्दाला "नोंद झाली" म्हणणारी ही वस्तू बायकांना त्या वास्तूचीच धाकटी बहीण वाटली. तिच्यापुढे दुखण्याचं नाव कोण काढणार?

"काल माझा पट्टा दोनदा इचारत हुता," रेश्मा मगात पाणी भरत म्हणाली. टोळीत ती सगळ्यात लहान. "म्हणलं, लई बरं हाय, नाचून दाखवू का?"

"मग?" मुकादम सीमाक्कांनी विचारलं.

"म्हणतोय, नोंद झाली. आता कवा नाचायला बोलवत्यात बगू."

बायका हसल्या. त्याच वेळी बांधावर एक गाडी थांबली आणि डॉ. शिरीन मुजावर खाली उतरल्या.

मिरजेच्या या डॉक्टरांनी पहिल्या तुकडीला स्वतःच्या हातानं बीज पेरलं होतं. सोसमानाची कल्पनाही त्यांचीच. राजश्रीबाईंनी घाईघाईनं एक क्रेट उपडा करून पदरानं पुसला.

"मॅडम, बसा. च्या मागवू?"

"नको. शर्वरीनं मला तिच्या बोटांचे फोटो पाठवलेत."

"कवा? मला न इचारता?" राजश्रीबाई वरमल्या. "तुमी नका मनावर घेऊ. शिकलेली हाय, जरा नाजूक हाय."

"टोकं काळी पडताहेत, ताई. बोटांतल्या बारीक रक्तवाहिन्या पेटल्यात आणि बंद होत चालल्यात. असंच चाललं तर या हिवाळ्यात तिचा हात जाईल. नंतर काय जाईल, सांगता येत नाही."

राजश्रीबाईंच्या हातातला मग कलला आणि जीएचं पाणी मातीत गेलं.

"मग बंद करा की ते बीज! तुमीच पेरलंय न्हवं?"

"मी नाही बंद करू शकत."

"कापून काढा."

"पहिल्या महिन्यात काढता येतं. नंतर त्याच्या पेशी सांध्यासांध्यात पसरतात. त्यांना गप्प करणारा रेणू फक्त पट्टा सोडतो आणि पट्टा चालतो सोसमानावर. कायद्यानं डॉक्टरला त्यात हात घालता येत नाही." त्यांनी मातीत सांडलेल्या पाण्याकडे बघितलं. "तो कायदा मीच भांडून करवून घेतला. पूर्वी बाई दुखतंय म्हणाली की आम्ही म्हणायचो, मनाचे खेळ आहेत. माझ्या आईला असं तीन डॉक्टरांनी सांगितलं होतं. म्हटलं, यापुढे डॉक्टरचं मत नको. ज्याचं दुखतं त्याचाच शब्द चालेल."

"मग माझ्या शरूचा शब्द का चालत न्हाई? रोज बोंबलतीया पोर!"

 हे कसं सांगावं याचा विचार डॉक्टर मिरजेपासून करत आल्या होत्या आणि तरी त्यांना वाक्य सापडलेलं नव्हतं.

"जीए जास्त झालं तर काय होतं?"

"देठ कडक हुतो. मणी गळत्यात."

"आणि घड दिसायला?"

"दिसायला काय, झ्याक दिसतो. तोडायच्या टायमाला कळतं."

"तुमचं सगळ्यांचं तेच झालंय. ताई, नडगी दाखवा."

राजश्रीबाईंनी इकडेतिकडे पाहिलं आणि साडी वीतभर वर घेतली. ठिपके आता ठिपके उरले नव्हते. ते एकमेकांत मिसळून जांभळे डाग झाले होते.

"दुखतं?"

राजश्रीबाईंनी वर, वेलींवर लोंबणाऱ्या हिरव्या घडांकडे बघितलं. मग अगदी हळू म्हणाल्या, "जळतं. आत निखारा ठेवल्यागत."

"आणि आज सकाळी पट्ट्याला काय सांगितलंत?"

त्यांनी साडी खाली सोडली.

"यंत्राला दुखणं म्हणजे काय ते ठाऊक नसतं," डॉक्टर म्हणाल्या. "ते आपण शिकवतो. तुमची पहिली तुकडी. सहा वर्षं, एक दिवस न चुकता, जवळजवळ सगळ्यांचं एकच उत्तर. इतका पक्का साक्षीदार त्याला दुसरीकडे कुठंच मिळाला नाही, म्हणून तुमचाच शब्द त्यानं सगळ्यांत वजनदार धरला. तुमच्या अंगात आग भडकलेली आणि तुम्ही म्हणत होता, बरं आहे. यंत्र शिकलं की इतकी आग माणसाला सोसते. ती रेषा त्यानं देशभर लावली. आता त्या रेषेखाली कुणी दुखतंय म्हणालं, तर त्याला वाटतं हा माणूस घाबरट आहे. शर्वरीला ते जे रोज सांगतं ना, सवय होईल म्हणून, ते यंत्राचं बोलणं नाही. तुमचं आहे."

राजश्रीबाई क्रेटवर बसल्या. आज सकाळी चुलीपुढे आपण काय बोललो ते त्यांना शब्दन्‌शब्द ऐकू येत होतं.

"उद्यापास्नं खरं सांगते," त्या म्हणाल्या.

"उपयोग नाही. सहा वर्षांपुढे एक दिवस काय करणार? तुमचीच उत्तरं तुम्हाला खोटं पाडतील. एकच वाट आहे. शब्द मागे घ्यायचा. पट्ट्याला सांगायचं, माझी आजवरची उत्तरं खरी नव्हती. मग ती सगळी सोसमानातून काढून टाकली जातात. तुकडीतल्या निम्म्याहून जास्त जणींनी असं केलं, तर रेषा खाली येईल."

"एवढंच? मग कवा करायचं?"

"थांबा. पुढचं ऐका." डॉक्टरांनी त्यांचा तापलेला हात हातात घेतला. "ज्यानं एकदा शब्द मागे घेतला त्याला यंत्र परत कधी विचारत नाही. खोटा साक्षीदार म्हणून कायमचं वगळतं. आणि शब्द नसलेल्या माणसाचं बीज आज ज्या मापावर आहे त्याच मापावर चालू राहतं. कमी नाही, जास्त नाही. कुणालाच बदलता येत नाही. तुमचे हात चालतील, ताई. आगही चालेल."

"किती वर्सं?"

"नाही सांगता येत. आज नडगी आहे. उद्या मूत्रपिंड असेल, हृदय असेल. मी गोळ्या देत राहीन, त्यांनी थोडं लांबेल. हा नियम लिहिला तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे लबाड माणसं होती. तुम्ही नव्हता."

जेवणाच्या सुट्टीत राजश्रीबाईंनी सगळ्यांना सांगितलं. फार नीट सांगता आलं नाही, मधल्या गाठी डॉक्टरांनी सोडवल्या. भाकऱ्या फडक्यातच राहिल्या.

"म्हंजे आमी खोटारड्या," सीमाक्का म्हणाल्या.

"व्हय," राजश्रीबाई म्हणाल्या.

"मी न्हाई करायची." रेश्माचा आवाज चढला, पण डोळे खाली होते. "माझी पोरं बारकी हायत, मावशी. तुमच्या शरूचं वाईट वाटतंय मला. पर तिच्यापायी मी माझं मरान बांधून घेऊ? दुखतंय, तर दुखतंय. बोलता तरी येतंय ना मला? उद्या लईच झालं तर सांगता यावं एवढं तरी राहू दे."

तिला कुणी बोल लावला नाही. तिचं खरं होतं. राजश्रीबाईंनीच उठून तिच्या पाठीवर हात ठेवला.

 शेवटी सीमाक्कांनी भाकऱ्यांच्या फडक्याला गाठ मारली.

"माझ्या सुनंला गेल्या महिन्यात पेरलंय," त्या म्हणाल्या. "काल तिनं जरा कुरकुर केली, तर म्हणलं, नाटकं करू नगंस, आमच्या येळंला आमी चूं केलं न्हाई." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "माझ्या सासूनं माझ्या पयल्या बाळंतपणात हेच म्हणलेलं. तवाच ठरवलंतं, आपुन असं कुणाला म्हणायचं न्हाई."

त्या उठल्या. "चला. पर हितं नगं. घडाखाली उभं राहून वंगाळ बोलायचं न्हाई. पलीकडं पडीक रानात जाऊ."

आणि त्या खरोखरच बागेतून बाहेर पडल्या. बांध ओलांडून, जिथं काही पिकत नव्हतं तिथं कुसळांत जाऊन उभ्या राहिल्या. रेश्मा आणि आणखी काही जणी बांधाच्या अलीकडेच थांबल्या. डॉक्टर दोन्ही गटांच्या मधे, बांधावर.

राजश्रीबाई पुढे झाल्या. मनगट तोंडाजवळ नेलं. डॉक्टरांनी शिकवलेलं वाक्य त्यांना आठवेना, म्हणून त्या आपल्या शब्दांत बोलल्या.

"मी आजवर सांगितलं ते खोटं हुतं. रोज दुखत हुतं."

पट्टा थरथरला. मग म्हणाला, "आपला शब्द मागे घेतला आहे. यापुढे आपणास प्रश्न विचारला जाणार नाही. आजवरच्या सहकार्याबद्दल आभार."

त्यांच्यामागून सीमाक्का. त्यांच्यामागून बाकीच्या. कुणी पाठ फिरवून बोललं, कुणी डोळे मिटून. एक बाई बोलून झाल्यावर स्वतःच्या तोंडात मारून घेऊ लागली, तिला दोघींनी धरलं. सगळ्यांचं झालं तेव्हा डॉक्टरांनी आपल्या खिशातल्या छोट्या यंत्रात बघितलं आणि मान हलवली. पुरेसं झालं होतं.

दोन दिवसांनी सकाळी शर्वरी म्हणाली, "दुखतंय." पट्टा म्हणाला, "दाहांक सोसमानाच्या वर आहे. वाढरस कमी करत आहोत. आपण सांगितलंत हे बरं केलंत." ती पट्ट्यावर डोकं टेकून रडली. तिच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची पेरं गेली. बाकी हात राहिला. महिन्याभरात ती पुन्हा फळ्यावर लिहू लागली.

त्याच दोन दिवसांत देशभर लाखो लोकांचा वाढरस कमी झाला. पुष्कळांना बरं वाटलं आणि का वाटलं ते त्यांना कळलं नाही. काहींची बोटं परत आखडू लागली. त्यांना सध्या फक्त एवढंच कळलं होतं की सांगलीकडच्या काही बायका सहा वर्षं खोटं बोलत होत्या.

द्राक्षं तोडणीला आली तेव्हा टोळीत राजश्रीबाईंइतके हात कुणाचेच चालत नव्हते. कात्री देठावर पडायची आणि घड न दुखवता क्रेटमध्ये उतरायचा. नडगीवरचे डाग मांडीपर्यंत चढले होते. लघवीतून कधीकधी लाल जाई. मिरजेच्या मोठ्या इस्पितळात त्या एकदा जाऊन आल्या. तिथल्या तरुण डॉक्टरनं पडदा पाहिला आणि अवघडून सांगितलं की त्यांचा शब्द बाद आहे, त्यामुळे तक्रार या रकान्यात त्याला काहीच भरता येणार नाही. तपासण्या जेवढं सांगतील तेवढंच. शर्वरी त्याच्याशी भांडली. तो बिचारा दोनदा "सॉरी" म्हणाला.

शनिवारी डॉ. मुजावर घरी येत. गोळ्या देत, नाडी बघत. त्या शनिवारी त्या निघायला उठल्या, तेव्हा राजश्रीबाई म्हणाल्या, "मॅडम, जरा बसता का? सांगायचं हुतं."

"सांगा ना."

"टाचंपास्नं सांगते. टाचंत कसं, काटा मोडल्यागत. त्यो चालताना न्हाई, बसल्यावर. मग घोट्यात येगळंच. तिथं ठणकत न्हाई, तिथं गरम वाळू घातल्यावानी..." त्या सावकाश, एकेक सांधा घेत वर सरकत होत्या. घोटा, गुडघा, खुबा. प्रत्येकाचं दुखणं निराळं होतं आणि प्रत्येकाला त्यांच्याकडे शब्द होता. शर्वरी दारात येऊन उभी राहिली. आईला इतकं बोलताना तिनं कधी ऐकलं नव्हतं.

डॉक्टरांचा हात सवयीनं, नोंद करायला, खिशातल्या छोट्या यंत्राकडे गेला. त्यांनी तो मागे घेतला आणि मांडीवर ठेवला.

राजश्रीबाई मधेच थांबल्या. "ऐकताय न्हवं?"

"ऐकतेय."

"मग पाठीचं सांगते," त्या म्हणाल्या.